भूमिकाखेळांची चित्रकला : जुनी आणि नवी



चालकांनी आम्हाला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा यंत्रमाग कामगारांचे वेतन किंवा नवे कामगार कायदे यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही व्हिडिओ खेळांतील चित्रकलेवर बोलण्याची इच्छा कळवली. चालकांच्या सौजन्याची तारीफ केली पाहिजे. त्यांनी कारण न विचारता होकार दिला. पण आपल्याला ते कारण सांगणे आमचे कर्तव्य आहे.

कारण दुहेरी आहे. आमचे सारे आयुष्य नक्षीच्या कापडाच्या धंद्यात आणि त्या धंद्यातल्या माणसांची संघटना बांधण्यात गेले. चौकटीच्या कागदावर मोर काढायचा, एकेक चौकोन मोजून पुठ्ठ्यांना भोके पाडायची, ते पुठ्ठे जेकार्डवर चढवायचे आणि मग सोलापुरी चादरीवर मोर उमटायचा, हे काम आम्ही विसाव्या वर्षापासून पाहत आलो. जुन्या व्हिडिओ खेळांतले चित्रही चौकोन मोजूनच काढलेले असे. तेव्हा शाळा लवकर सुटली असली, तरी या एका विषयात बोलण्याइतके शिक्षण मागाने आम्हाला दिले आहे.

दुसरे कारण अधिक निकडीचे. आज या मंडपात बसलेल्यांपैकी अनेकांची मुलेमुली अ‍ॅनिमेशन आणि खेळांचे चित्रकाम शिकवणाऱ्या वर्गांना जातात. फी भरताना आपण 'नोकरी लागेल ना?' एवढेच विचारतो. ते काम कसले, त्यात हात कुणाचा आणि डोके कुणाचे, हे विचारत नाही. ते विचारावे, एवढ्यासाठी हा विषय.

व्हिडिओ खेळांचे प्रकार पुष्कळ. त्यांतला एकच आम्ही निवडला आहे. त्याला इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात, आपण भूमिकाखेळ म्हणू. यात खेळणारा एखाद्या पात्राचे सोंग घेतो, गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, लढतो, अनुभवाने बळकट होतो आणि एक लांबलचक कथा पार पाडतो. कादंबरी वाचावी तसा हा खेळ महिना महिना चालतो. कथा आणि चित्र यांचा संसार जितका या प्रकारात जुळलेला असतो, तितका क्वचितच दुसऱ्या प्रकारात असेल.

या खेळांच्या रसिकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, जुने ठिपक्यांचे खेळ हेच खरे. नव्यांत नुसता डामडौल आहे. दुसरा म्हणतो, जुने म्हणजे यंत्राची लाचारी. आता माणूस माणसासारखा दिसतो, तर बाहुल्या कशाला हव्यात? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, चित्राचे मोल त्याच्या वयावर ठरत नाही. काय काढायचे आणि काय सोडायचे, हे ठरवण्याची मोकळीक चित्र काढणाराला होती की नव्हती, यावर ते ठरते. ही मोकळीक कधी यंत्राने अडवली, कधी धंद्याने अडवली, आणि कधी कारागिराने दोघांच्याही हातून ती सोडवून घेतली. त्याची हकिकत आता सांगतो.

आरंभी या खेळांत चित्र नव्हतेच. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापून निघाला. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. एकाने वर्णन करायचे, बाकीच्यांनी मनात पाहायचे. पुढे हा खेळ संगणकावर आला तेव्हा १९८० च्या सुमाराच्या 'रोग' नावाच्या खेळात नायक म्हणजे पत्त्यात वापरतात ते 'अ‍ॅट'चे चिन्ह, आणि राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरे! १९८१ च्या 'विझर्ड्री'त भुयाराच्या भिंती चार रेषांनी दाखवलेल्या होत्या.

याला आपण हसण्याचे कारण नाही. आपल्या तमाशात पात्राने रंगमंचावर एक फेरी मारली की ते पुण्याहून दिल्लीला पोचते. प्रेक्षकांतला कुणीही उठून वाटेतली गावे दाखवा म्हणत नाही. पाहणारा आपल्या पदरची कल्पना घालतो आणि खेळ पुरा करतो. भूमिकाखेळाचा जन्म या करारावर झाला. अर्धे काम करणाऱ्याचे, अर्धे पाहणाऱ्याचे. पुढची सारी भांडणे हा करार कुठवर पाळायचा, याचीच आहेत.

जुलै १९८३ मध्ये जपानात निन्टेंडो कंपनीचे फॅमिकॉम हे घरगुती यंत्र विक्रीस आले. नव्वदीच्या दशकात दूरदर्शन संचाला जोडायची जी स्वस्त यंत्रे आपल्या गावांत आली, त्यांतली बरीचशी याचीच नक्कल होती. या यंत्राचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. सगळे चित्र आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा तुकड्यांनी जोडायचे. हलत्या आकृतीच्या एका तुकड्यात तीनच रंग. चौथी जागा पारदर्शक. एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे मावत, आणि नववा आला की कुणीतरी दिसेनासे होई. जेकार्डवर काम केलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही. तिथेही धागे मोजलेले, रंग मोजलेले, आणि वक्र रेषा म्हणून काही नसतेच. असतात त्या पायऱ्या. पायऱ्यांतून मोराची मान वळवून दाखवणे हे नक्षीकाराचे कसब.

या यंत्रावर २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीने 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ आणला. रचना युजी होरी यांची, राक्षसांची चित्रे 'ड्रॅगन बॉल' या चित्रकथेचे कर्ते अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. सगळा खेळ चौसष्ट किलोबाइटांत बसवलेला. आज आपण फोनवर काढतो त्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. जागा वाचवण्यासाठी जपानी कताकाना लिपीतली मोजकीच अक्षरे यंत्रात ठेवली होती, आणि नावे बेतायची ती त्या अक्षरांतूनच. नायकाचे तोंड नेहमी आपल्याकडे. तो डावीकडे गेला तरी खेकड्यासारखा तिरका सरके. कुणाशी बोलायचे तर कोणत्या दिशेच्या माणसाशी, हे वेगळे सांगावे लागे. १९८९ साली हा खेळ अमेरिकेत गेला तेव्हा कुठे त्याला दिशेप्रमाणे वळायला मिळाले.

आता या कोंडीत निवड कशी झाली पाहा. खेळातला सर्वांत दुबळा शत्रू म्हणजे स्लाइम, चिकट लगद्याचा गोळा. होरींनी कच्च्या चित्रात तो लगद्याचा ढीग म्हणूनच दाखवला होता. तोरियामांनी त्याचा निळा थेंब केला, वर टोक दिले, दोन वाटोळे डोळे आणि हसरे तोंड दिले. चित्र इतके साधे की लहान मूल पाटीवर काढील, आणि इतके पक्के की चाळीस वर्षांनंतरही ते या मालिकेचे बोधचिन्ह होऊन बसले आहे. शत्रू हसरा असावा, ही यंत्राची गरज नव्हती. तीन रंगांत भेसूर गोळाही काढता आला असता. ती माणसाची निवड होती. पुढे तोच थेंब तांबडा करून वेगळा शत्रू म्हणून उभा केला. त्यात जागेचीही बचत झाली आणि एक कुळही तयार झाले. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी वारले; त्यांचा थेंब अजून हसतो आहे.

दुसरे उदाहरण 'फायनल फँटसी'चे. डिसेंबर १९८७ मध्ये स्क्वेअर कंपनीने तो काढला. मुख्य रचना हिरोनोबु साकागुची यांची. चित्रांसाठी योशिताका आमानो यांना बोलावले होते. आमानोंची चित्रे म्हणजे शाईच्या तरल रेषा, वाऱ्यावर उडणारी वस्त्रे, फिकट जलरंगांचे धुके. अशी चित्रे चौकटीत बसवायची कशी? लढाईच्या पडद्यावर नायकाच्या वाट्याला जागा सोळा ठिपके रुंद आणि चोवीस ठिपके उंच. म्हणजे अवघे तीनशे चौऱ्याऐंशी चौकोन!

हे काम काझुको शिबुया या बाईंनी केले. त्यांनी आमानोंची रेषा हुबेहूब उतरवण्याचा हट्ट धरला नाही. डोके मोठे, धड आखूड, डोळे दोन उभ्या ठिपक्यांचे. अंगरखा आणि टोपी एवढ्यावरून माणूस ओळखू यावा, अशी आकृती त्यांनी घडवली. मोठी पिवळी टोपी, तिच्या सावलीत चेहरा नाही, फक्त दोन चकाकते डोळे, असा त्यांचा काळा जादूगार जगभरच्या खेळाडूंना आजही ओळखता येतो. चित्रकाराने काय सांगितले आणि कारागिराने त्यातले काय सोडले, यांतले दुसरे शिक्षण अधिक कठीण आहे, असे आम्हाला वाटते.

या मालिकेतील पहिल्या सहा खेळांच्या ठिपक्यांत शिबुयांचा हात आहे. सहावा खेळ १९९४ चा, नव्या सुपर फॅमिकॉम यंत्रावरचा. रंग वाढले होते, पण माणूस अजून सोळा बाय चोवीसचाच. मात्र पूर्वी ही मोठी आकृती लढाईपुरतीच असे, आता ती गावात हिंडतानाही दिसू लागली आणि तिला अभिनय करता येऊ लागला. मान खाली घातली की दुःख, बोट हलवले की दटावणी, हात वर केले की धसका. दहाबारा मुद्रांच्या बळावर त्या खेळात एक अख्खे संगीतनाटक उभे केले आहे. यंत्राला गाता येत नव्हते, तर माणसाच्या आवाजासारखा भासणारा वाद्याचा सूर वापरला आणि गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवले. पाहणारा ते गाणे मनात ऐकतो. तमाशातली फेरीच ही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे ठिपके जुन्या काचेच्या दूरचित्रवाणी संचावर पाहण्यासाठी काढलेले होते. त्या काचेवर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत किंचित विरघळत. दोन रंगांमध्ये तिसरा भासे, पायरी घासून वक्र होई. आजच्या लख्ख पडद्यावर तेच चित्र पाहून 'किती खडबडीत' म्हणणे, म्हणजे चादर उलटी धरून नक्षीकाराला नावे ठेवणे.

इथवर ऐकून जुन्यांचा पक्ष टाळ्या वाजवील. त्याने थोडे थांबावे. अडचण असली म्हणजे कला होतेच, असे नाही. त्या काळी निघालेल्या अनेक खेळांत तेच झाड, तीच वीट, तोच किल्ला गिरवलेला आहे. आणि चार पावले गेले की पुन्हा तीच लढाई, हा छळ आम्ही स्वतः सोसला आहे. गरिबीत घडलेल्या सुंदर वस्तू पाहून गरिबीचे गोडवे गाणारी माणसे आम्हाला संघटनेच्या कामात पुष्कळ भेटली. अडचणीत डोके चालवून मोर काढणारा तो कारागीर मोठा. अडचण मोठी नव्हे.

आणि जुन्या काळात सारे न्यायाचे होते, असेही नाही. आमानोंच्या चित्रांची पुस्तके निघाली, प्रदर्शने भरली; ते योग्यच झाले. पण शिबुयांच्या ठिपक्यांचे पुस्तक निघायला २०१८ साल उजाडावे लागले. २०२१-२२ मध्ये हे सहा खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा सजवले, तेव्हा पात्रांच्या आकृत्यांचे काम त्यांच्याकडेच आले आणि त्यांचे नाव सामान्य खेळाडूंपर्यंत पोचले. आमच्या धंद्यातही चादरीवर कारखान्याचा शिक्का असतो. मोर कुणी काढला, हे कुणाला ठाऊक असते?

आता नव्याकडे वळू. वळणाचे साल १९९७. त्या वर्षी जानेवारीअखेर 'फायनल फँटसी'चा सातवा खेळ सोनी कंपनीच्या प्लेस्टेशनवर आला. सहावा खेळ तीन मेगाबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये होता. सातवा तीन तबकड्यांवर, आणि एकेका तबकडीत त्या कार्ट्रिजच्या दोनशेपटीहून अधिक जागा. ठिपक्यांऐवजी आता त्रिकोणांचे तुकडे सांधून घनाकृती माणसे करायची होती. मागची दृश्ये संगणकावर आधी तयार करून चित्राप्रमाणे ठेवलेली. ती आजही पाहावीत, इतकी सुंदर आहेत. पण माणसांकरिता त्रिकोण पुरेसे नव्हते. गावात हिंडणाऱ्या नायकाचे हात म्हणजे लाकडी ठोकळे; लढाईत तोच नायक वेगळ्या, उंच बांध्याचा; आणि मधल्या चलच्चित्रांत तिसराच. एकाच माणसाची तीन शरीरे!

तरीही त्या खेळाने जगभर लाखो माणसांना या प्रकाराकडे ओढले. कथा आणि संगीत त्याला कारण झालेच, पण दृष्टी कुठूनही फिरवता येते, हा आनंदही नवा होता. त्याचे मोल आम्ही कमी मानत नाही. एवढेच म्हणतो की, १९९४ ची ठिपक्यांची आकृती आज जशीच्या तशी उभी आहे आणि १९९७ ची घनाकृती चटकन म्हातारी दिसू लागली. असे का व्हावे? ठिपक्यांची आकृती 'मी माणसासारखी दिसते' असा दावाच करत नाही. घनाकृती मात्र त्या वाटेवर निघाली होती, आणि त्या वाटेवर पुढच्या वर्षीचे यंत्र नेहमी तुमच्या पुढे असते. हुबेहूबपणाशी शर्यत लावणारा दर वर्षी हरतो.

ही शर्यत कुठवर गेली, हे त्याच खेळाच्या नव्या अवतारात दिसते. एप्रिल २०२० मध्ये त्याचे पुनर्निर्मित रूप आले. मूळ खेळात मिडगार या नगराचा भाग पहिल्या काही तासांत संपतो. नव्यात तेवढ्यावर एक पूर्ण खेळ उभा आहे. केसांची बट, कातड्याचा पट्टा, भिंतीवरचा गंज, सगळे दिसते. आणि इतक्या सगळ्यांत नायकाच्या खोलीचा एक दरवाजा अस्पष्ट, धुरकट राहून गेला. जगभर त्या दरवाजाची थट्टा झाली. पुढल्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत तो दुरुस्त केला. १९८७ सालच्या खेळात दरवाजा म्हणजे एक चौकोन होता, त्याला कुणी हसले नाही. कारण तिथे पाहणाऱ्याशी करार झाला होता. इथे कंपनीनेच तो मोडला. सगळे आम्ही दाखवू, असे सांगितले. मग एक दरवाजा राहिला तरी तो फसवणूक ठरतो.

पण नव्यांच्या पक्षालाही न्याय दिला पाहिजे. बेल्जियममधील लारियन या मंडळींनी ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट'चा तिसरा खेळ आणला. याच मालिकेचा १९९८ सालचा पहिला खेळ वरून पाहायचा. माणसे बोटाएवढी, मने कळायची ती मजकुरातून. तिसऱ्यात माणूस समोर येऊन उभा राहतो. नटांनी प्रत्यक्ष अभिनय केला आणि त्यांच्या अंगाच्या हालचाली टिपून पात्रांना दिल्या. एखादे पात्र खोटे बोलताना नजर किंचित चुकवते, आणि आपण सावध होतो. हे काम सोळा बाय चोवीसच्या आकृतीला जमणारे नव्हे. इथे हुबेहूबपणा कथेच्या कामाला जुंपलेला आहे, म्हणून तो शोभतो.

मग प्रश्न येतो खर्चाचा. आणि खर्च म्हणजे शेवटी माणसांचे तास. पडद्यावरचा प्रत्येक दगड, प्रत्येक बूट कुणीतरी बसून करतो. काम इतके फुगले की, ते देशोदेशी वाटून द्यावे लागते. बेंगळुरूत १९९७ साली सुरू झालेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हसारख्या संस्थांनी परदेशी खेळांसाठी असे चित्रकाम केले, आणि आपल्याकडचे पुष्कळ हुशार तरुण या कामात आहेत. त्यांच्या कसबाबद्दल आम्हाला अभिमान वाटतो. पण कामाचे स्वरूप ध्यानात घ्या. समुद्रापलीकडून नमुना येतो: या मापाचा, या गंजाचा, असा पिंप हवा. हा तरुण महिनाभर पिंपे करतो. कथा काय, या पिंपापाशी कोण रडणार आहे, हे त्याला सांगितलेले असतेच असे नाही. पडदा पडल्यावर येणाऱ्या नामावळीत त्याचे नाव येईलच, याचीही खात्री नसते. काम संपण्याआधी नोकरी सोडलेल्या माणसाचे नाव वगळण्याची चाल या धंद्यात अनेक ठिकाणी आहे. शिबुयांच्या हातात चौकोन तीनशे चौऱ्याऐंशीच होते, पण ते त्यांचे होते. या तरुणाच्या हातात लाखो ठिपके आहेत, आणि त्यांतला एकही त्याच्या मताने पडत नाही.

तर मग मागे फिरायचे काय? मुळीच नाही. मागे न फिरता निवड करता येते, हे अलीकडच्या काही खेळांनी दाखवले आहे. २०१९ चा 'डिस्को एलिझियम' पाहा. एस्टोनियात जमलेल्या लेखक-चित्रकारांच्या मेळाव्यातून तो निघाला. कलादिग्दर्शक अलेक्सांदर रोस्तोव्ह तैलचित्रकार. त्यांनी उद्ध्वस्त शहर तैलरंगाच्या जाड फटकाऱ्यांत रंगवले. नायक हा दारूने मोडलेला पोलीस अधिकारी. त्याच्या मनातल्या चोवीस शक्ती त्याच्याशी बोलतात आणि प्रत्येकीचे वेगळे, विस्कटलेले चित्र आहे. कथेत बंदरातल्या कामगारांचा संप आहे, त्यामुळे आम्ही पक्षपाती असू. पण मन विस्कटलेले आणि रंगही विस्कटलेले, ही जोड ज्याने योजली त्याला चित्रकलेचे प्रयोजन कळले होते.

२०१८ च्या 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर'मध्ये माणसे जुन्या रीतीच्या ठिपक्यांची, पण भोवती खोली असलेले घनाकृती जग, पाण्यावर चमकणारा उजेड, दूरचे धूसर. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'चा १९८८ चा तिसरा खेळ याच रीतीने नवा करून आणला. आणि सर्वांत बोलके उदाहरण २०१७ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या अकराव्या खेळाचे. निन्टेंडोच्या दोन पडद्यांच्या छोट्या यंत्रावर, खेळाच्या आरंभीच्या भागात, वरच्या पडद्यावर घनाकृती चित्र आणि खालच्या पडद्यावर तोच प्रसंग जुन्या ठिपक्यांत, असे एकाच वेळी चाले. पुढे कोणते हवे ते खेळणाऱ्याने ठरवायचे. जुने विरुद्ध नवे हे भांडण त्या खेळाने एका हातात मावेल असे मांडून ठेवले. कथा तीच, एकीकडे डोळ्यांनी अधिक पाहायचे, दुसरीकडे मनाने.

एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधील मोंपेलिए गावच्या सँडफॉल या छोट्या मंडळीने 'क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पेडिशन ३३' काढला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या पॅरिसची वेलबुट्टी आणि डौल त्यांनी घेतला. एक प्रचंड चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसे विरून जातात, अशी कल्पना. वर्षाअखेर द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. तीसेक माणसांनी हा चमत्कार केला, असे सगळीकडे म्हणतात. मुख्य मंडळी तेवढीच, हे खरे. पण खेळ संपल्यावरची नामावळी वाचा; बाहेरून हालचाली रेखाटणारे, तपासणारे, भाषांतर करणारे असे पुष्कळ हात तिथे आहेत. कौतुक करताना त्यांना गाळू नये.

म्हणजे नवे यंत्र हाताशी असताना ठिपके निवडता येतात, तैलरंग निवडता येतो, हुबेहूब चेहराही निवडता येतो. निवड झाली की शैली येते. उलट, ठिपके आता फॅशन आहेत म्हणून ठिपके काढणे, ही जुन्याची नक्कलच. तिथे थेंब हसरा का, याचे उत्तर कुणाजवळ नसते.

आता आमच्या मूळ धंद्यावर येतो. ही निवड करण्याचा अधिकार टिकणार कसा? अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये सॅग-आफ्ट्रा या नटांच्या संघटनेने व्हिडिओ खेळांत काम करणाऱ्या कलावंतांचा संप पुकारला. मुख्य वाद कृत्रिम बुद्धिमत्तेचा होता. माणसाचा आवाज आणि हालचाल एकदा टिपून घेतली की, पुढे त्याला न विचारता, न मोबदला देता, यंत्राकडून ती वापरायची काय? संप अकरा महिने चालला. जून २०२५ मध्ये तो स्थगित झाला आणि जुलैमध्ये सभासदांनी करार मंजूर केला. त्यात संमती आणि मोबदला यांची कलमे मिळवली गेली. संमती हा शब्द ध्यानात ठेवा. 'माझ्या कामाचे काय करायचे, हे मला विचारून करा', ही मागणी आणि 'काय काढायचे, हे मला ठरवू द्या', ही चित्रकाराची मागणी एकाच कुळातल्या आहेत.

चित्रकारांपुढे तर हा प्रश्न दारातच उभा आहे. यंत्र आता सांगितल्याबरोबर चित्र काढते. जे काम नुसते नमुन्याबरहुकूम पिंपे करण्याचे आहे, ते यंत्राकडे आधी जाईल. आमच्या धंद्यात चौकटीच्या कागदावरची नक्षी संगणकावर गेली, तेव्हा नुसते चौकोन भरणाऱ्यांचे काम गेले. नवा मोर सुचणाऱ्यांपैकी काहीजण टिकले. पण 'काहीजण टिकले' एवढ्यावर आम्ही समाधान मानणार नाही. चौकोन भरता भरताच माणसाला मोर सुचू लागतो. शिकण्याची ती पायरीच काढून घेतली, तर वर चढणार कोण?

म्हणून आपल्यापैकी ज्यांची मुले हे शिकत आहेत, त्यांना तीन गोष्टी सुचवतो. मुलाला कोणते सॉफ्टवेअर येते, हे विचारा; पण त्याच्या कुठल्याही चित्रावर बोट ठेवून 'हे असेच का काढलेस?' हेही विचारा. उत्तर देता येऊ लागले की, त्याचे शिक्षण सुरू झाले. नोकरी मिळाली की पगाराच्या कागदाबरोबर नामावळीत नाव येणार काय, जादा तासांचे काय, हे त्याने विचारावे. आणि एकट्याने विचारण्याचे धैर्य नसेल, तर चौघांनी मिळून विचारावे. संघटना याहून निराळी नसते. तिसरे, घरात मूल खेळ संपवते तेव्हा शेवटची नामावळी धावू लागते. ती बंद करू देऊ नका. पाच मिनिटे सगळ्यांनी बसून नावे वाचावीत. त्यांत आपल्याकडची नावे दिसू लागतील, आणि ती कोणत्या कामापुढे लिहिली आहेत तेही दिसेल.

जुन्या खेळांचा तो खेकड्यासारखा सरकणारा नायक आणि आजचा, डोळ्यांत पाणी आणणारा नायक, या दोघांत आम्ही भांडण लावू इच्छित नाही. दोघांच्याही मागे कुणीतरी दिव्याखाली बसून 'हे ठेवू, हे सोडू' असे ठरवले आहे. तो अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती कला. तो अधिकार आपल्या मुलामुलींच्या हाती यावा, एवढीच आमची इच्छा आहे.